फेडरल थिएटर : सरकारी पगारावरची चार वर्षे

नाट्यसंस्थेच्या इतिहासात स्थापनेची तारीख म्हणून बहुधा पहिल्या प्रयोगाची तारीख नोंदलेली असते. अमेरिकेच्या फेडरल थिएटर प्रोजेक्टची तारीख मात्र एका शपथविधीची आहे. २७ ऑगस्ट १९३५ रोजी हॅली फ्लॅनगन या कॉलेजात नाटक शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने वॉशिंग्टनमध्ये सरकारी सेवेची शपथ घेतली आणि देशभरातल्या बेकार नाटकवाल्यांना काम देण्याची जबाबदारी त्यांच्या शिरावर आली. ३० जून १९३९ रोजी संस्था बंद झाली. म्हणजे आयुष्य जेमतेम चार वर्षांचे. इतक्या अल्पायुषी परदेशी संस्थेचा इतिहास रंगभूमीला वाहिलेल्या या स्मरणिकेत यावा असा आग्रह मी धरला, कारण सरकार रंगभूमीच्या पाठीशी उभे राहिले तर काय घडू शकते आणि ते पाठीमागून सरकले तर काय होते, या दोन्ही गोष्टी इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी संस्था मला माहीत नाही.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, हे सर्वांना ठाऊक असते. अमेरिकी रंगभूमीचे दिवस त्याआधीच फिरले होते. १९२७ मध्ये ‘द जाझ सिंगर’ पडद्यावर बोलू-गाऊ लागला आणि थोड्याच काळात गावोगावची व्होडव्हिलची थिएटरे चित्रपटगृहे झाली. व्होडव्हिल म्हणजे गाणी, नकला, कसरती, जादू असा मिश्र खेळ. त्यावर हजारो कलावंतांचे पोट होते. मूकपटाला साथ करणारे वादक तर एका फटक्यात रस्त्यावर आले. घरात रेडिओ होता, आणि तो फुकट ऐकता येत होता. आपल्याकडेही बोलपट आल्यावर चार-पाच वर्षांत भल्याभल्या संगीत नाटक मंडळ्या मोडल्या, त्यामुळे मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. त्यात मंदी आली. १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. नाटकवाल्यांची गत त्याहून वाईट होती, कारण खिशाला चाट बसली की माणूस पहिल्यांदा नाटकाचे तिकीट सोडतो.

अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने मे १९३५ मध्ये ‘वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ हे खाते उभे केले आणि हॅरी हॉपकिन्स यांच्या हाती दिले. बेकाराला घरबसल्या मदत देण्यापेक्षा काम द्यावे आणि जमेल तिथे ते त्याच्या हातातल्या कसबाचेच द्यावे, ही हॉपकिन्स यांची भूमिका. खाते मुख्यतः रस्ते, पूल, शाळा बांधत होते. पण चित्रकार, वादक, लेखक आणि नट यांनाही पोट असते, असे हॉपकिन्स उघड म्हणत. त्यातूनच या चौघांसाठी चार योजना निघाल्या. नाटकाची योजना त्यांनी ब्रॉडवेवरच्या एखाद्या मातब्बर निर्मात्याला दिली नाही. आयोवातल्या ज्या ग्रिनेल कॉलेजात ते शिकले, तिथल्याच विद्यार्थिनी राहिलेल्या फ्लॅनगनबाईंना त्यांनी बोलावले. बाई तेव्हा व्हॅसार कॉलेजात प्रायोगिक रंगमंच चालवत होत्या. १९२६ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती घेऊन त्यांनी युरोप आणि रशियातली नाटके पाहिली होती. अर्कान्सातल्या दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांवर १९३१ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन एक नाटकही त्यांनी केले होते. देशभर पसरलेली ही रंगभूमी स्वतंत्र आणि प्रौढ असेल, तिच्यावर सेन्सॉर नसेल, असे वचन हॉपकिन्स यांनी जुलै १९३५ मध्ये जाहीर सभेत दिले. ते वचन पुढे कसे मोडत गेले, हाच एका अर्थाने या संस्थेचा इतिहास आहे.

संस्थेचा कारभार एका साध्या हिशेबावर चाले. दहातले नऊ लोक सरकारी मदतीच्या यादीतलेच घ्यायचे. पैशांतलेही दहातले नऊ हिस्से पगाराला. उरलेल्या एका हिश्शात थिएटरचे भाडे, नेपथ्य, कपडेपट, जाहिरात सगळे बसवायचे. न्यूयॉर्कमध्ये नटाचा आठवड्याचा पगार २३ डॉलर ८६ सेंट होता. नाव नोंदवण्याआधी आपण खरोखर कफल्लक आहोत हे सरकारी तपासनिसापुढे सिद्ध करावे लागे. आयुष्यभर टाळ्या घेतलेल्या वयस्क नटांना हे किती जड गेले असेल! पण या हिशेबातून एक वेगळी शैलीही जन्माला आली. माणसे भरपूर आणि सामान थोडे, म्हणून दिग्दर्शकांनी मोठमोठे समूह रंगमंचावर आणले आणि महागडे सेट टाळून प्रकाशावर भर दिला. एब फेडर आणि जीन रोझेन्थाल, ज्यांची नावे पुढे अमेरिकी प्रकाशयोजनेत आदराने घेतली गेली, ते दोघे याच मांडवाखाली तयार झाले.

ऐन भरात संस्थेकडे बारा हजारांहून जास्त लोक कामाला होते. दर तीन राज्यांपैकी सुमारे दोन राज्यांत तिचा पसारा होता. निम्म्याहून बरेच जास्त प्रयोग फुकट असत. जिथे तिकीट होते तिथे ते काही सेंटांपासून डॉलरभर. बर्नार्ड शॉ आणि युजीन ओनील यांनी आपली नाटके आठवड्याला पन्नास डॉलर इतक्या नाममात्र मानधनावर दिली. फ्रेंच, यिडिश, स्पॅनिश, इटालियन, जर्मन भाषांतही नाटके झाली.

संस्थेने रंगभूमीला दिलेली सर्वांत मोठी देणगी कोणती, असे विचारले तर मी ‘लिव्हिंग न्यूजपेपर’ हेच उत्तर देईन. बेकार पत्रकार आणि बेकार नट यांना एकत्र बसवून चालू प्रश्नांवर नाटके रचायची, अशी ही कल्पना. पहिले नाटक ‘इथिओपिया’. मुसोलिनीच्या फौजा ऑक्टोबर १९३५ मध्ये त्या देशात घुसल्या होत्या. जानेवारी १९३६ मध्ये तालीम पूर्ण झाली आणि वॉशिंग्टनहून हुकूम आला की परदेशी राष्ट्रप्रमुखाला रंगमंचावर आणायचे नाही. न्यूयॉर्कचे प्रमुख एल्मर राइस हे नामांकित नाटककार होते. त्यांनी पत्रकारांसाठी एक प्रयोग करून दाखवला आणि राजीनामा दिला. सेन्सॉर नसेल या वचनाला सहा महिनेही झाले नव्हते.

तरी हा विभाग थांबला नाही. मार्च १९३६ मध्ये शेतीच्या दुरवस्थेवर ‘ट्रिपल-ए प्लाउड अंडर’ आले. फेब्रुवारी १९३७ मध्ये ‘पॉवर’ आले. विषय होता विजेचे दर, खाजगी वीज कंपन्या आणि टेनेसी खोऱ्यातले सरकारी धरण-प्रकल्प. त्यात सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायाधीश म्हणजे नुसते नऊ मुखवटे होते. किलोवॅट म्हणजे काय, असे भाबडेपणाने विचारणारा ग्राहक नॉर्मन लॉइड या तरुण नटाने केला. हे नाटक सरकारच्या धोरणाची बाजू घेत होते, यात शंका नाही. हॉपकिन्स स्वतः प्रयोगाला आले आणि कलाकारांना भेटून त्यांची पाठ थोपटली. विरोधकांनी ‘सरकारी पैशांनी सरकारचा प्रचार’ अशी टीका केली, तिच्यात तथ्य होते. संस्थेच्या बाजूने लिहिणाऱ्याने हे मान्य केलेच पाहिजे.

जानेवारी १९३८ मध्ये अ‍ॅडेल्फी थिएटरात आलेले ‘वन थर्ड ऑफ अ नेशन’ हे मात्र प्रचाराच्या पुष्कळ पुढे गेले. देशाची एक तृतीयांश जनता वाईट घरांत, अपुऱ्या कपड्यांत आणि अर्धपोटी राहते, असे रूझवेल्ट वर्षभरापूर्वी म्हणाले होते; नाव तिथून घेतलेले. विषय न्यूयॉर्कच्या भाड्याच्या चाळी. पडदा उघडताच समोर हॉवर्ड बे यांनी उभी केलेली चार मजली चाळ दिसे आणि तिला आग लागलेली असे. पुढे जमिनीच्या मालकीचा इतिहास येतो. एक माणूस हिरवळीची लहानशी सतरंजी आणून रंगमंचावर अंथरतो आणि तिच्यावर बसतो. ही त्याची जमीन. मग एकेक जण येतो, पैसे मोजतो आणि सतरंजीच्या कोपऱ्यावर टेकायला जागा मिळवतो. माणसे वाढतात, सतरंजी तेवढीच राहते, कोपऱ्याचे भाडे चढत जाते. अर्थशास्त्राच्या पुस्तकाला जे पन्नास पानांत साधत नाही ते चार-पाच नट आणि एक सतरंजी यांनी काही मिनिटांत साधले. जागेसाठी दोन पिढ्या झिजलेल्या मुंबईकराला हा प्रवेश समजावून सांगावा लागणार नाही.

नाटकात घरबांधणीच्या विधेयकावर वाद घालणारे खरे सिनेटर त्यांच्या खऱ्या नावांनी येत. त्यांच्या तोंडची वाक्ये काँग्रेसच्या कामकाजाच्या छापील अहवालातली होती. दोनशेंहून जास्त प्रयोगांत प्रेक्षक त्या भाषणांना हसले. ज्यांच्या मतावर संस्थेचे पुढचे अनुदान ठरणार होते, त्यांच्यापैकीच काही जण हे सिनेटर होते, आणि ते हा अपमान विसरले नाहीत.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतले लाफायेत थिएटर हे संस्थेच्या कृष्णवर्णीय विभागाचे घर. नटी रोझ मॅक्लेंडन यांच्या पुढाकाराने हा विभाग निघाला. जॉन हाउसमन त्यांचे सहप्रमुख होते. मॅक्लेंडनबाई लवकरच आजारी पडल्या आणि १९३६ मध्येच वारल्या. हाउसमन यांनी ऑर्सन वेल्स या वीस वर्षांच्या पोराकडे शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ सोपवले. वेल्सने स्कॉटलंड सोडून ते हैतीच्या जंगलात नेले. चेटकिणींच्या जागी वूडू विधी आला आणि ढोल वाजवायला आसादाता दाफोरा यांची आफ्रिकी मंडळी आली. हाउसमन यांनी आठवण लिहून ठेवली आहे की ढोलांवर चढवायला ताजे कातडे हवे म्हणून वादकांनी जिवंत बकऱ्यांची मागणी केली आणि ती रीतसर सरकारी अर्जावर मंजूर करून घ्यावी लागली. कंपनीत शंभरावर माणसे. मुरलेले व्यावसायिक नट त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शेक्सपिअरची टिंगल होणार अशी कुजबूज हार्लेममध्येही होती.

१४ एप्रिल १९३६ च्या पहिल्या प्रयोगाला सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवर हजारोंची गर्दी लोटली आणि वाहतूक बंद पडली. जॅक कार्टर मॅकबेथ, एडना थॉमस लेडी मॅकबेथ, कॅनडा ली बँको. दहा आठवडे हार्लेममध्ये, मग अ‍ॅडेल्फीत, मग देशभर दौरा. एरवी अमेरिकी रंगभूमीवर कृष्णवर्णीय नटाला नोकर किंवा विदूषक याखेरीज भूमिका क्वचितच मिळे, आणि रंगमंच कामगारांच्या संघटनांत त्याला सहसा प्रवेशही नसे. इथे तोच राजा होता, आणि दिवेही तोच लावत होता. या प्रयोगाची शेवटची चार मिनिटे एका सरकारी माहितीपटात टिकून आहेत. ज्याला नाटकाची आवड आहे त्याने ती मिळवून पाहावीत.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सिंक्लेअर लुइस यांचे ‘इट कान्ट हॅपन हिअर’ एकाच रात्री देशभर वीसच्या वर ठिकाणी उघडले. अमेरिकेत हुकूमशहा सत्तेवर येतो, अशी ही कथा. एका बड्या चित्रपट कंपनीने तिच्यावरचा चित्रपट आधीच गुंडाळला होता. न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग यिडिश भाषेत झाला, फ्लोरिडातल्या टँपाला स्पॅनिशमध्ये, सिअ‍ॅटलला कृष्णवर्णीय नटसंचाने केला. नाटक म्हणून ते सामान्यच होते. पण एका रात्रीत एवढ्या शहरांत एकच नाटक उघडण्याची ताकद या संस्थेखेरीज कोणाकडे नव्हती.

१६ जून १९३७ ची रात्र अमेरिकी रंगभूमीच्या प्रत्येक इतिहासात असते. मार्क ब्लिट्झस्टाइन यांचे ‘द क्रेडल विल रॉक’ हे पोलाद कारखान्याच्या गावातल्या कामगार संघटनेवरचे संगीत नाटक मॅक्सिन एलियट थिएटरात उघडायचे होते. निर्माते हाउसमन, दिग्दर्शक वेल्स. पंधरवड्यापूर्वीच शिकागोत संपकरी पोलाद कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला होता. ऐन वेळी वॉशिंग्टनहून आदेश आला की अंदाजपत्रकातल्या कपातीमुळे १ जुलैपर्यंत नवे काहीही उघडायचे नाही. थिएटरला पहारा बसला. नेपथ्य, कपडेपट, सगळे सरकारी मालमत्ता म्हणून आत अडकले. बाहेर तिकीट काढलेले प्रेक्षक ताटकळत होते आणि नट मंडळी फुटपाथवरच त्यांच्यासाठी गाणी म्हणत होती.

आत दुसरीच पंचाईत होती. नटांच्या संघटनेने दुसऱ्या निर्मात्यासाठी रंगमंचावर उभे राहायला मनाई केली होती. वादकांच्याही अटी होत्या. दिवसभर जीन रोझेन्थाल एक भाड्याचा पियानो ट्रकवर घालून थिएटर मिळण्याची वाट पाहत शहरभर हिंडत होती. अखेर एकवीस चौक पलीकडचे रिकामे व्हेनिस थिएटर मिळाले आणि प्रेक्षकांचा लोंढा तिकडे निघाला. ब्लिट्झस्टाइन एकटेच रंगमंचावर पियानोशी बसले. सगळी पात्रे आपणच गायची, अशी त्यांची तयारी. नटांना रंगमंचावर चढायची बंदी होती, पण प्रेक्षकांत बसून उठून गाऊ नये असे कुठे लिहिले नव्हते. तरी कोणालाही आग्रह करायचा नाही, असे ठरले होते, कारण गाणाऱ्याची नोकरी जाण्याचा धोका खरा होता. ब्लिट्झस्टाइन यांनी पहिल्या गाण्याला सुरुवात केली आणि बॉक्समधून एक बारीक, घाबरलेला आवाज त्यात मिसळला. ऑलिव्ह स्टँटन उभी राहिली होती. संस्थेतली अगदी नवखी मुलगी; याच पगारावर तिचे घर चालत होते. फेडर यांनी दिव्याचा झोत तिच्याकडे वळवला. ब्लिट्झस्टाइन गायचे थांबले आणि साथ करू लागले. मग प्रेक्षागृहाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून एकेक पात्र उठत गेले आणि नाटक शेवटापर्यंत झाले. वेल्स आणि हाउसमन यानंतर संस्थेतून बाहेर पडले आणि त्यांनी मर्क्युरी थिएटर काढले. ऑलिव्ह स्टँटनचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. मला त्या रात्रीचे सर्वांत मोठे धैर्य तिचे वाटते.

या गाजलेल्या नावांमुळे संस्थेचे रोजचे काम झाकले जाते. इस्पितळांत व्होडव्हिलचे खेळ होत, उद्यानांत कळसूत्री बाहुल्यांचे. वनीकरणाच्या छावण्यांत राबणाऱ्या तरुणांसाठी एक रहस्यनाट्य फिरे. त्यातला खटला छावणीतच चाले आणि साक्षीदार, ज्युरी ही पोरेच होत. सर्कसच्या विभागात बर्ट लँकास्टर नावाचा कसरतपटू होता, तो पुढे हॉलिवूडचा नट झाला. आर्थर मिलरने कॉलेजातून बाहेर पडल्यावर काही महिने इथे पगार घेतला. नॉर्थ कॅरोलायनातल्या रोअनोक बेटावर १९३७ मध्ये सुरू झालेल्या ‘द लॉस्ट कॉलनी’ला संस्थेने नट पुरवले, ते नाटक अजूनही तिथे उन्हाळ्यात होते. कंटाळवाणे, रद्दड प्रयोगही पुष्कळ झाले. बारा हजार माणसांत सगळेच गुणी कसे असतील? पण तीन कोटींच्या घरात गेलेल्या प्रेक्षकसंख्येत आयुष्यात पहिल्यांदाच जिवंत नाटक पाहणारे असंख्य होते.

१९३८ मध्ये टेक्सासचे मार्टिन डाइज यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसची ‘अमेरिकाविरोधी कारवायां’ची समिती बसली आणि संस्थेवर कम्युनिस्ट असल्याचा आरोप सुरू झाला. काही महिने फक्त आरोप करणारेच ऐकले गेले. फ्लॅनगनबाईंना ६ डिसेंबरला बोलावणे आले. त्यांच्या १९३१ च्या लेखातला मार्लोचा उल्लेख वाचून अलाबामाचे जो स्टार्न्स यांनी हा मार्लो कम्युनिस्ट आहे का, असे विचारले. सभागृहात हशा पिकला. शेक्सपिअरच्या अगदी आधीच्या काळातला तो सर्वांत थोर नाटककार, अशी नोंद करून घ्या, असे बाईंनी शांतपणे सांगितले. त्या स्वतः हसल्या नाहीत. आठ हजार लोकांच्या नोकऱ्या या प्रश्नोत्तरांवर टांगलेल्या आहेत, एवढेच त्यांच्या मनात होते. दुपारच्या सुट्टीनंतर समितीने त्यांना पुन्हा बोलावलेच नाही.

वाचवण्याचे प्रयत्न झाले. सभापती विल्यम बँकहेड यांची कन्या आणि ब्रॉडवेची मोठी नटी टालुला बँकहेड यांनी वॉशिंग्टनला जाऊन सिनेटरांची विनवणी केली. सिनेट थोडी नमलीही. पण जून १९३९ अखेर जे विधेयक संमत झाले त्यात नाटकाला एक डॉलरही देऊ नये अशी अट होती. बाकी तीन कला मोडक्यातोडक्या का होईना, तगल्या. लाखो बेकारांचा पगार त्याच विधेयकात असल्यामुळे रूझवेल्ट यांनी सही केली. चार वर्षांचा एकूण खर्च सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर, म्हणजे त्या खात्याच्या खर्चाच्या एक टक्क्याहूनही कमी. तिकीटविक्रीतून सुमारे २० लाख परत आले होते. संस्था पैशांमुळे बंद झाली, हे म्हणणे आकड्यांपुढे टिकत नाही.

शेवटच्या रात्री न्यूयॉर्कच्या रिट्झ थिएटरात याशा फ्रँक यांचे मुलांचे ‘पिनोकिओ’ होते. लाकडी बाहुल्याचा मुलगा होतो, हा त्याचा नेहमीचा शेवट. त्या रात्री नटांनी तो बदलला. पिनोकिओ मुलाचा पुन्हा बाहुला झाला आणि शवपेटीत ठेवला गेला. काँग्रेसच्या कायद्याने त्याचा बळी घेतला, असा मजकूर वर होता. रंगमंच कामगारांनी प्रेक्षकांदेखत सेट मोडला. फ्लॅनगनबाईंनी पुढच्याच वर्षी ‘अरीना’ हे पुस्तक लिहून सगळा हिशेब मांडला आणि त्या पुन्हा कॉलेजात शिकवायला गेल्या. १९६९ मध्ये त्या वारल्या. कलांना केंद्र सरकारचे कायम अनुदान मिळायला अमेरिकेला १९६५ उजाडावे लागले.

संस्थेचे दप्तर कुठे गेले हे पुढे कोणाला नीटसे आठवत नव्हते. १९७४ मध्ये व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचे लॉरेन ब्राउन आणि जॉन ओकॉनर या दोन प्राध्यापकांना ते बाल्टिमोरजवळच्या विमानांच्या एका जुन्या हँगरमध्ये सापडले. संहिता, प्रॉम्प्टरच्या खुणांच्या वह्या, नेपथ्याची आणि कपड्यांची रेखाटने, पोस्टर, छायाचित्रे, प्रेक्षकांचे अभिप्राय, असे सगळे खोक्यांत भरलेले. विद्यापीठाने ते लावले, हयात असलेल्या कलावंतांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, आणि आता हे दप्तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कोणालाही पाहता येते. वर लिहिलेले बरेचसे माहीत आहे ते त्या खोक्यांमुळे.

म्हणून ही स्मरणिका हाती घेणाऱ्या प्रत्येक रंगकर्मीला आणि त्याच्या घरच्यांना विनंती आहे. माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या तळाशी जुन्या नाटकांच्या वह्या, हँडबिले, हिशेबाच्या चोपड्या, तालमीचे फोटो असतील तर रद्दीत देऊ नका. फोटोमागे नावे आणि साल लिहा आणि सगळे जवळच्या ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या स्वाधीन करा. आणि ज्या वयस्क कलावंतांची आठवण शाबूत आहे, त्यांच्याशी बोलून ते बोलणे याच वर्षी मुद्रित करून ठेवा.